हिअरडब्ल्यूएचओ : घरच्या माणसाचं ऐकणं तपासायला हे मोफत अ‍ॅप कितपत उपयोगी?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या जागतिक श्रवण दिनाच्या निमित्तानं हिअरडब्ल्यूएचओ हे अ‍ॅप आणलं. हा दिवस दरवर्षी ३ मार्चला असतो. अ‍ॅप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालतं, पैसे लागत नाहीत आणि चाचणी काही मिनिटांत उरकते. हे परीक्षण एकाच प्रश्नासाठी लिहिलं आहे: आई, बाबा, नवरा, बायको किंवा आजी-आजोबांचं ऐकणं उतरलंय असा संशय आहे, पण त्यांना ते मान्य नाही, अशा घरात हे अ‍ॅप कामी येतं का?

येतं. निदानाला ते अपुरं आहे आणि काही प्रकारचे दोष त्यातून निसटू शकतात. पण ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ विरुद्ध ‘तुम्हीच पुटपुटता’ या रोजच्या वादात कोणाचीही बाजू न घेणारा एक आकडा ते आणून देतं, आणि ते काम घरातलं दुसरं कोणी करू शकत नाही. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण का कापला आणि साडेतीन का दिले, ते पुढे.

अ‍ॅप नेमकं काय तपासतं

इअरफोन लावायचे. मागे खरखरीचा आवाज चालू असतो आणि त्यातून तीन अंक ऐकू येतात. ऐकलेले अंक पडद्यावरच्या कीपॅडवर दाबायचे. असे २३ संच. तीनही अंक बरोबर आले की पुढच्या वेळी खरखरीच्या मानाने बोलणं बारीक होतं, चुकले की स्पष्ट होतं. असं वरखाली करत अ‍ॅप त्या माणसाच्या मर्यादेपाशी येऊन थांबतं आणि १०० पैकी गुण देतं. ७५ च्या वर म्हणजे ऐकणं चांगलं. ५० ते ७५ म्हणजे लक्ष ठेवा, पुन्हा तपासत राहा. ५० च्या खाली म्हणजे श्रवणदोष असण्याची शक्यता बरीच आहे, तज्ज्ञांकडे जा.

गोंगाटातले अंक ओळखायची ही पद्धत २००४ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये टेलिफोनवरून करायच्या तपासणीसाठी विकसित झाली. स्मार्टफोनवरच्या या अ‍ॅपमागे दक्षिण आफ्रिकेतल्या हिअरएक्स या गटाचं तंत्रज्ञान आहे. पद्धतीमागचा विचार मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण अ‍ॅपची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही त्यातूनच येतात.

वयाबरोबर उतरणारं ऐकणं सहसा वरच्या पट्टीपासून उतरतं. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यात जोर असतो. स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच बारीक असतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. साठ की आठ, सहा की दहा, ताप की साप, खरं की बरं, हे त्याला संदर्भावरून ताडावं लागतं. शांत खोलीत, समोरासमोर, ओळखीच्या विषयावर हे ताडणं इतकं सफाईने जमतं की घरच्यांनाच काय, त्या माणसालाही पत्ता लागत नाही. चार माणसं एकदम बोलायला लागली, पंखा किंवा टीव्ही चालू असला, की मात्र उकल होत नाही. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार म्हणजे हेच. ती ऐकून घरचे म्हणतात, लक्षच देत नाही. अ‍ॅप बरोबर याच जागी बोट ठेवतं: गोंगाटात शब्द वेगळा काढता येतो का. अंक निवडले आहेत ते शब्दसंग्रह, शिक्षण, ओठांच्या हालचाली आणि संदर्भ यांचा आधार मिळू नये म्हणून. ‘पाच’ नंतर ‘दोन’ येणार की ‘आठ’, हे ताडता येत नाही.

दुसरी खुबी अशी की इथे आवाज किती मोठा आहे याला फारसं महत्त्व नाही. बोलणं आणि खरखर यांच्यातलं प्रमाण मोजलं जातं. म्हणून महागडे, प्रमाणित हेडफोन लागत नाहीत. फोनबरोबर आलेले साधे वायरचे इअरफोन चालतात.

निसटणाऱ्या गोष्टी

पहिला अर्धा गुण यासाठी कापला. आवाज वाढवायची मुभा असल्यामुळे, ज्याला सगळंच नुसतं बारीक ऐकू येतं पण मोठं केलं की स्वच्छ कळतं, तो माणूस या चाचणीत चांगले गुण मिळवू शकतो. कानात मळ घट्ट बसलेला असणं, पडद्यामागे पाणी साठणं, पडद्याला भोक असणं, कानातली छोटी हाडं नीट न हलणं, हे सगळे या जातीचे दोष. यांतले बरेच औषधाने, मळ काढून किंवा शस्त्रक्रियेने सुधारण्यासारखे असतात. ८० गुण आले म्हणून कान ठीक, असा निष्कर्ष काढून घरी बसलं तर सोपा उपचार हुकतो.

दुसरा अर्धा गुण एका कानाच्या दोषासाठी. अ‍ॅप दोन्ही कानांना मिळून एकच आकडा देतं. चांगला कान काम उरकून टाकतो आणि दुबळा कान लपून राहू शकतो. घरातला माणूस फोन नेहमी एकाच कानाला लावतो, एका विशिष्ट बाजूनेच बसतो, हाक कुठून आली हे शोधत मान फिरवतो, असं दिसत असेल तर गुण कितीही आले तरी संपूर्ण तपासणी करून घ्यावी. एकाच कानाचं ऐकणं कमी होण्यामागे क्वचित श्रवणाच्या नसेवरची गाठ असते. तिचा शोध अ‍ॅपने लागत नाही.

उरलेला अर्धा भाषेसाठी. निवडता येणाऱ्या भाषा मोजक्याच आहेत. इंग्रजी अंक कानांवर पडताच ओळखणाऱ्याला अडचण नाही, पण जो माणूस मनातल्या मनात त्यांचं मराठी करतो तो मधेच मागे पडतो, आणि आपण भाषेची अडचण कानाच्या खात्यात टाकतो. एक साधी खात्री आधी करा: शांत खोलीत, समोर बसून, त्याच भाषेत तीन-तीन अंक भरभर म्हणा आणि त्यांना ते दाबायला सांगा. दहापैकी दहा वेळा बरोबर आले तरच चाचणीला अर्थ आहे. तीन अंक क्षणभर लक्षात ठेवणंच जड जात असेल, तर इथेच थांबा. स्मरणशक्ती उतरलेल्या माणसासाठी ही चाचणी योग्य नाही. त्याच्यासाठी थेट ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जावं, तिथे वेगळ्या पद्धती असतात.

चाचणी आपल्या माणसाकडून कशी करून घ्यावी

आधी स्वतः करा, त्यांच्यासमोर. हे फार महत्त्वाचं आहे. ‘बाबा, मी माझं ऐकणं तपासलं, ६८ आले, तुम्ही बघता का किती येतात?’ यात आरोप नाही. घरातले सगळे करत असतील तर आणखी बरं. नातवंडं मध्ये आली की आजोबा स्वतःहून फोन मागतात. फसवून किंवा ‘नुसता गेम आहे’ म्हणून करून घेऊ नये. नंतर कळलं की पुढच्या प्रत्येक तपासणीवरचा विश्वास जातो.

वेळ सकाळची घ्या. ऐकणं कमी असलेला माणूस संध्याकाळपर्यंत नुसत्या ऐकण्यानेच थकलेला असतो. सर्दी झालेली असेल तर आठ-पंधरा दिवस थांबा. खोलीचं दार बंद, पंखा बंद, फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. मधेच आलेला एखादा मेसेजचा आवाज दोन संच बिघडवतो.

इअरफोन दोन्ही बाजूंनी वाजतात ना, हे स्वतःच्या कानाला लावून तपासा. ब्लूटूथच्या जोडीत एका बाजूची बॅटरी उतरलेली असणं ही नेहमीची चूक आहे आणि तिचा पत्ता लागत नाही. फोनमधला इक्वलायझर, बास वाढवणारी सोय, थ्रीडी आवाज, हे सगळं बंद करा. इअरफोन कानात नीट बसत नसतील तर डोक्यावरून घ्यायचे हेडफोन बरे. श्रवणयंत्र असेल तर ते काढून चाचणी करायची. यंत्र लावून त्यावर इअरफोन दाबला तर शिट्टी वाजते आणि येणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

अ‍ॅप सुरुवातीला आवाज सोयीचा करून घ्यायला सांगतं. ‘अंक आरामात कळतात, पण कानाला टोचत नाहीत’ इतपत ठेवावा. ही पायरी घाईत उरकू नका. वयाबरोबर येणाऱ्या श्रवणदोषात एक विचित्र गोष्ट असते: बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम असह्य होतो. सोयीचा पट्टा अरुंद झालेला असतो. म्हणूनच ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारी आई दोन मिनिटांनी ‘ओरडतोस कशाला’ म्हणते. तिचं दोन्ही वेळा खरं असतं.

चष्मा लावलेला असू द्या. बोट नीट चालत नसेल तर त्यांनी अंक तोंडाने सांगावेत आणि तुम्ही दाबावेत, जसे सांगितले तसेच. भुवई उंचावायची नाही, ‘नक्की?’ विचारायचं नाही. अंक तुम्हाला ऐकू येत नसतात, त्यामुळे मदत करायचा मोहही होत नाही. कळलं नाही तर अंदाजाने दाबायचं, हे आधीच सांगून ठेवा. अर्ध्याहून अधिक संच चुकतात की काय असं वाटून माणूस हिरमुसतो. पण चाचणीची रचनाच अशी आहे की चांगल्या कानाच्या माणसाचेही बरेच संच चुकतात. हे न सांगितल्यामुळे कित्येक जण मधेच इअरफोन काढून ठेवतात. अ‍ॅप हे ठळकपणे सांगत नाही, हा त्यातला खरोखरचा दोष.

पहिला प्रयत्न सराव समजा. दहा मिनिटांनी दुसरा करा आणि दुसऱ्याचा आकडा धरा. दोन्हींत फार तफावत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. अ‍ॅप जुने गुण साठवून ठेवतं, त्यामुळे सहा महिन्यांनी, वर्षाने तुलना करता येते. एकाच फोनवर सगळ्या घराने चाचणी केली तर गुणांची खिचडी होते. प्रत्येकाचे आकडे तारखेसह कागदावर लिहून ठेवावेत.

आकडा येण्याआधी डोळ्यांना दिसणारी लक्षणं

अ‍ॅप उघडण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवा. ती पुढे डॉक्टरांनाही उपयोगी पडते. टीव्हीच्या आवाजाचा आकडा लिहा: ते ठेवतात तो आणि घरातल्या इतरांना पुरतो तो. दुसऱ्या खोलीतून मारलेल्या दहा हाकांपैकी किती पोचल्या. फोनवर बोलताना स्पीकर लावतात का, फोन दुसऱ्याच्या हातात देतात का. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज जास्त निसटतात का. मोबाइलची रिंग, यंत्राची टीक-टीक, पाखरांचा आवाज हे ऐकू येणं बंद झालंय का. विनोदावर सगळे हसल्यानंतर एका श्वासाने उशिरा हसणं, प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणं, सगळ्याला ‘हो हो’ म्हणणं. आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारं: पूर्वी गप्पांच्या मध्यभागी असणारा माणूस समारंभात कोपरा धरून बसतो किंवा ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतो. स्वभाव बदलला, चिडचिडा झाला, असं आपण म्हणतो. त्याआधी कान तपासलेला बरा.

विसराळूपणा की ऐकणं, असा पेच अनेक घरांत पडतो. एक छोटा पडताळा करता येतो. एखादा निरोप तोंडी द्या आणि तासाभराने विचारा. दुसऱ्या दिवशी तशाच लांबीचा दुसरा निरोप कागदावर लिहून द्या, वाचून झाल्यावर कागद परत घ्या आणि तासाभराने विचारा. लिहिलेला लक्षात राहतो आणि सांगितलेला राहत नाही, असं वारंवार होत असेल तर अडचण कानाकडे असण्याची शक्यता जास्त. दोन्ही निसटत असतील तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. एक दोष दुसऱ्याला झाकतो आणि दोन्ही एकत्र असूही शकतात.

फोनच नको म्हणणाऱ्यांसाठी कुजबुज चाचणी आहे, डॉक्टरही ती वापरतात. त्यांच्या मागे हातभर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर अंतरावर उभं राहायचं. एका कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा छोटा उंचवटा बोटाने दाबून हलकेच चोळत राहायचं, म्हणजे तो कान बाद होतो. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा आणि मग दुसऱ्या कानासाठी तीन अंक-अक्षरं कुजबुजायची, उदाहरणार्थ ‘चार, क, दोन’. तीनही बरोबर आली तर तो कान उत्तीर्ण. नाहीतर वेगळी तीन. सहांपैकी निदान तीन बरोबर हवीत. श्वास आधी सोडायचं कारण असं की भरल्या छातीने केलेली कुजबुज प्रत्येकाची वेगळ्या जोराची असते. रित्या छातीने ती बरीच सारखी होते. एका कानाचा दोष यात सापडतो, म्हणून अ‍ॅपला हा चांगला जोड आहे.

दुसरा पर्याय : एअरपॉड्स प्रो २ मधली चाचणी

ज्यांच्याकडे आयफोन आणि अ‍ॅपलचे हे इअरबड आहेत त्यांना २०२४ पासून श्रवणचाचणी मिळते. ती कोणत्या देशात उपलब्ध आहे हे आधी पाहावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०२४ मध्ये याच इअरबडना श्रवणयंत्रासारखं वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, १८ वर्षांवरील आणि सौम्य ते मध्यम दोष जाणवणाऱ्यांसाठी. चाचणी पाच मिनिटांची. यात अंक नाहीत, टिंग-टिंग असे सूर आहेत. ऐकू आला की पडद्यावर बोट टेकवायचं. प्रत्येक कान वेगळा तपासला जातो, उत्तर डेसिबलमध्ये येतं (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी) आणि भाषेची अडचण मुळीच नाही. हिअरडब्ल्यूएचओ जिथे कमी पडतं बरोबर तिथे हे सरस आहे. उलट बाजू अशी की ‘गोंगाटात कळत नाही’ ही खरी तक्रार यात तपासलीच जात नाही.

आकडे वाचताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. अ‍ॅपलच्या पट्टीवर २५ डेसिबलपर्यंत ‘फारसा दोष नाही’. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत २० ते ३५ च्या आतला भाग सौम्य दोष धरला आहे, ३५ ते ५० च्या आतला मध्यम. म्हणजे २३ आकडा आलेला माणूस एका पट्टीवर ठीक आणि दुसरीवर सौम्य दोषाचा. ‘मशीनच म्हणालं मी ठीक आहे’ हे वाक्य घरात ऐकू आलं, तर हा फरक माहीत असलेला बरा.

गुण ५० च्या खाली आले, आता बोलायचं कसं

लगेच काही बोलू नका. आकडा त्यांनीच वाचावा, त्यांनीच आधी बोलावं. नंतर एकांतात, टीव्ही बंद करून, समोर उजेडात बसून, नेहमीच्या वेगापेक्षा किंचित सावकाश बोला. सगळ्या घरासमोर हा विषय काढला की तो सुनावणीसारखा होतो.

ऐकण्याबद्दल बोलण्यापेक्षा एका घटनेबद्दल बोला. ‘बाबा, परवा फोनवर दवाखान्याची वेळ तुम्ही साडेनऊ ऐकलीत आणि ती साडेदहा होती. उद्या औषधाचा आकडा असाच बदलला तर, याची मला काळजी वाटते.’ याला ‘मी काय बहिरा आहे का?’ असं उत्तर येत नाही, आणि आलं तरी घटना उरते. शेवटी मागणं छोटं ठेवा. ‘मशीन घेऊ या’ म्हणू नका; मशीन लागेलच असं अजून कोणालाच माहीत नाही. ‘कान आतून एकदा दाखवून घेऊ. मळ असला तर तिथल्या तिथे निघेल’, एवढंच. आणि मळ असेल तर तो डॉक्टरांनाच काढू द्या. कापसाच्या काडीने तो आत ढकलला जातो आणि काम अवघड होतं.

‘वय झालं की होणारच’ म्हणाले तर कबूल करा. खरंच होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना उपचाराची गरज पडावी इतका श्रवणदोष असतो. नजरही वयानेच उतरते आणि चष्मा लावायला कोणी लाजत नाही. ‘मला हवं ते ऐकू येतं’ म्हणाले तर वाद नको, वही दाखवा. ‘अमक्याचं मशीन कपाटात पडलंय’ हा मात्र खरा आक्षेप आहे आणि त्याला खरंच उत्तर द्यावं: बरीच यंत्रं कपाटात जातात ती नीट बसवून, मोजून दिलेली नसतात किंवा पहिल्या दोन महिन्यांत फेरजुळणीला कोणी नेत नाही म्हणून.

स्मृतिभ्रंशाची भीती घालू नका. श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, हे खरं. पण २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अचीव्ह या अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं तेव्हा श्रवणयंत्र देऊन सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आशा धरण्यासारखी गोष्ट आहे, धमकी देण्यासारखी नाही. घाबरलेला माणूस तपासणी टाळतो.

घरच्यांनी दोन सवयी त्याच दिवशी सोडाव्यात. एक, ‘काही नाही, जाऊ दे’. दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळणारं हे उत्तर ऐकू न येण्यापेक्षा जास्त लागतं; त्यातूनच माणूस विचारणं बंद करतो. पुन्हा सांगताना तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगा, ओरडल्याने व्यंजनं स्पष्ट होत नाहीत. दुसरी सवय, त्यांचे कान होऊन राहणं. दुकानात, दवाखान्यात, फोनवर त्यांच्या वतीने आपणच ऐकतो आणि आपणच उत्तरं देतो. प्रेमाने केलेल्या या मदतीमुळे त्यांना आपलं ऐकणं किती कमी झालंय हे वर्षानुवर्षं जाणवतच नाही. एकदम सोडू नका. ‘थांबा, आईच सांगेल’ एवढं म्हणून गप्प बसायला सुरुवात करा.

अ‍ॅपनंतरची तपासणी कशी असायला हवी

अ‍ॅपच्या आकड्यावरून कोणी श्रवणयंत्र विकत देऊ करत असेल तर तिथून उठावं. त्या आकड्यातून कोणता कान, कोणती पट्टी, किती डेसिबल, यांपैकी काहीच कळत नाही. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान आतून पाहावा, मग ऑडिऑलॉजिस्टकडे ध्वनिरोधक खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची सविस्तर मोजणी. साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत, प्रत्येक कान वेगळा तपासतात. कानामागच्या हाडावर छोटं यंत्र ठेवून हाडामार्फतही ऐकवतात. निकालाच्या आलेखात हवेतून आणि हाडातून ऐकलेल्याच्या रेघांत अंतर असेल तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, म्हणजे बहुधा उपचाराजोगा. आलेखावर उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली असते. प्रत घरी मागून घ्या. शब्द ओळखायची चाचणीही झाली पाहिजे, कारण यंत्राचा उपयोग किती होईल याचा अंदाज तिच्यावरून येतो.

बरोबर घरचा एक जण असावा आणि तो खोलीत बसलेला असावा. यंत्र ठरलंच तर विचारायचे प्रश्न तीन: कानात बारीक नळी घालून आवाज प्रत्यक्ष कानाच्या आत मोजता का, घरी वापरून पाहायला किती दिवस देता, आणि फेरजुळणीच्या भेटी त्याच रकमेत आहेत का. पहिल्याचं उत्तर नाही असेल तर दुसरीकडे चौकशी करावी. पहिले काही दिवस शांत घरात दोन-तीन तास लावून हळूहळू वेळ वाढवायची. सुरुवातीला कागदाचा चुरचुराट, स्वतःची पावलं, नळाचं पाणी हे सगळं कर्कश वाटतं. मेंदूला ते आवाज परत ओळखीचे व्हायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत लग्नसमारंभ किंवा मोठी बैठक हे पहिलं मैदान करू नये.

या वेळी अ‍ॅप उघडूच नका

एका किंवा दोन्ही कानांचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत कमी झालं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. यात स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त; पहिले दोन आठवडे कळीचे. सर्दीमुळे कान दडला असेल म्हणून लोक वाट बघतात आणि तेवढ्यात वेळ जातो. कानातून पू किंवा रक्त येणं, कान दुखणं, गरगरणं, एकाच कानात सतत गुणगुण, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, डोक्याला मार लागल्यानंतर ऐकू न येणं, या सगळ्यांतही चाचणी करत बसू नये.